मगरीच्या मागचं तळं

जयपूरला आम्ही बदलीवर आलो तेव्हा माझ्या यजमानांना बनी पार्कमध्ये सरकारी घर मिळालं आणि मला मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं काम. साठ सालच्या आसपासची गोष्ट. सरपटणारे प्राणी शिकवायचे, तर कॉलेजात होती फक्त बाटलीतली एक पाल, तीही पांढरीफटक पडलेली. मुली विचारायच्या, "मॅडम, मगर जिवंत असताना कशी दिसते?" मी तरी कुठे नीट पाहिली होती!

यजमानांचे एक मित्र पाटबंधारे खात्यात होते. थंडीत दर रविवारी ते जीप घेऊन तासाभरावरच्या एका तळ्याचा बांध तपासायला जायचे. त्या तळ्यात मगरी होत्या. दिरांनी दिलेला कॅमेरा घरात पडून होता, पोटाशी धरून वरून काचेत डोकावायचा, तसला. त्याच्या काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसायचं. एका रोलवर बारा फोटो. मी म्हटलं, "अहो, मी जाते त्यांच्याबरोबर."

"जा, पण मगरीला ‘जरा हसा’ म्हणू नकोस," ते म्हणाले.

पहिल्या रविवारी नशीब जोरावर होतं. काठावर उन्हाला एक मोठी मगर पडली होती. मी लांबूनच बाराही फोटो काढले आणि विजयी मुद्रेने घरी आले. चार दिवसांनी फोटोवाल्याने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "मॅडम, ओढनियाँ बहुत अच्छी आयी हैं."

खरंच. मागच्या काठावर बायकांनी वाळत घातलेल्या ओढण्यांच्या लहरी एकूण एक उमटल्या होत्या. मगर कुठे, हे मलाच बोटाने शोधावं लागलं. एका फोटोत तर तिच्या डोक्यातून बाभळीची फांदी उगवलेली. तिथे उभी असताना मला ना ओढण्या दिसल्या होत्या, ना बाभूळ. डोळ्यांनी फक्त मगर पाहिली आणि कॅमेऱ्याने सगळंच पाहिलं, याचं मला फार नवल वाटलं.

पुढच्या रविवारी बांधावरचा म्हातारा चौकीदार माझ्याबरोबर आला. संस्थानाच्या काळात तो पाहुण्यांना शिकारीला न्यायचा. मी त्याला फोटो दाखवले. त्याने ते बराच वेळ निरखले.

"बाईसा, आप जानवर देखती हो. पहले पीछे देखो."

"पीछे क्यों?"

मग त्याने सांगितलं ते असं. एकदा एका पाहुण्याला त्याने काठावरची मगर दाखवली. पाहुण्याने गोळी झाडली, नेम चुकला आणि मागे झुडपाआड चरणारी चौकीदाराच्याच बहिणीची म्हैस जागच्या जागी मेली. "गोळी जनावरापाशी थांबत नाही," तो त्याच्या बोलीत म्हणाला. त्या दिवसापासून तो आधी जनावराच्या मागे काय आहे ते बघायचा आणि मगच जनावराकडे. मागे रिकामं नसेल तर पाहुण्याचा हात खाली करायचा, मग पाहुणा कितीही मोठा असो.

मी काही गोळी झाडत नव्हते, पण चूक तीच करत होते.

त्या दिवशी आम्ही मगरीपासून लांब राहून तळ्याला अर्धा वळसा घातला. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि मान हलवायचा. इथून ओढण्या. इथून झुडपं. इथून आमचीच जीप. मला वाटलं होतं, जमिनीवर पालथं पडलं की काम होईल. तो म्हणाला, "नीचे से उधर का किनारा आयेगा. ऊपर चलो." मी साडीचा काचा मारला आणि त्याच्यामागून एका खडकावर चढले. खाली वीसेक फुटांवर मगर पडलेली आणि तिच्यामागे नुसतं पाणी! माझी साडी पांढरी म्हणून त्याने आपलं मातकट कांबळं माझ्या अंगावर टाकलं. त्याला विडीचा आणि शेळीचा वास येत होता.

कॅमेरा नेमका धरेपर्यंत एक म्हैस पोहत काचेत आली. तो पुटपुटला, "ठहरो." ती गेली. मग वाऱ्याने पाणी चुरगळलं. पुन्हा "ठहरो." माझ्या पायाला मुंग्या आल्या. तो "बायें, बायें" म्हणाला की मी काचेतलं उलटं चित्र बघून भलतीकडेच वळायची. अखेर पाणी स्थिर झालं. मगरीने सावकाश जबडा उघडला आणि तसाच ठेवला. मी कळ दाबली. एवढ्याशा आवाजाने ती पाण्यात सरकली, आणि तरंगही फार उठले नाहीत.

त्या रोलवरचा तो एकच फोटो, पण दातन्‌दात दिसत होता. मोठा करून मी वर्गात लावला. मुली बाकांवर चढून बघायला लागल्या. "मॅडम, ये मुँह खोलकर क्यों सोती है?" मी म्हटलं, "शोधून सांगते."

एक प्रत मी चौकीदाराला नेऊन दिली. त्याने धोतराला हात पुसून ती घेतली, उन्हाकडे धरली. मी कौतुकाची वाट बघत होते.

"अच्छी है," तो म्हणाला. "पण बाईसा, यात माझं तळं कुठंय? ही मगर कुठलीही असेल."

मला हसू आलं आणि जरा खट्टूही वाटलं. एवढा आटापिटा करून मी जे पुसून टाकलं होतं, तेच त्याला हवं होतं. मी विचारलं, "मग मागे काय हवं?"

त्याने बांधाकडे, काठावरच्या दगडी घुमटाच्या छत्रीकडे आणि कपडे धुणाऱ्या बायकांकडे हात फिरवला. त्या दिवशी मगर काही वर आली नाही. आम्ही दोघं बांधावर बसून दुपारपर्यंत पाण्याकडे बघत राहिलो आणि तो मला कुठली मगर कुठल्या वळणावर ऊन घेते ते सांगत होता.