मैल संपलेली जीप

सकाळी जीप सुरू करण्याआधी रंगनाथ साळवे बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बाहेर काढायचे आणि टोकावरचा थेंब अंगठ्याने तर्जनीवर चोळून नाकाशी धरायचे. मग पट्टी फडक्याला पुसत म्हणायचे, "आजच्या दिस चालंल." उद्याचं ते कधी बोलले नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेड भागात पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामं निघाली, तेव्हा मी नुकताच ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. पाच कामांवर फिरायला आमच्या कार्यालयाने नगरच्या एका मालकाची जुनी जीप महिन्याच्या भाड्याने घेतली होती. साळवे त्या मालकाचे ड्रायव्हर. गाव बेलापूर, वय पन्नाशीच्या घरात, अंगात खाकी सदरा. त्यांच्या घराने धम्म स्वीकारलेला. इतर ड्रायव्हरांसारखा काचेपाशी देवाचा फोटो का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सायब, गाडीला ऑइल लागतं. ते येळेवर मिळालं तर तिचं दुसरं काय मागनं न्हाई."

करारात दोन अटी होत्या. गाडीने महिन्याला बाराशे मैलांच्या वर धावायचं नाही, आणि दर दोन हजार मैलांनी तिला नगरला मालकाच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला न्यायचं. वाचायला दोन्ही अटी शहाण्याच. पण नगरला जाऊन यायला नव्वद मैल पडत आणि तेही त्या बाराशेतच धरले जात. त्यात वरिष्ठांचे पाहणीचे दौरे सुरू झाले की महिना संपायच्या आधीच मैल संपायचे. साळव्यांनी सर्व्हिसिंगचा विषय काढला की आमचे उपअभियंता म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना यायचा आणि तसाच जायचा.

"कागदाला तहान लागत न्हाई सायब, इंजनाला लागती," साळवे मला म्हणत. मी साहेबांना दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. रोज संध्याकाळी लॉगबुकात 'वाहन सुस्थितीत' या शब्दांपुढे सही मात्र करत राहिलो.

मे महिन्यात एका सकाळी तलावाच्या खोदाईत मातीचा कडा खचला. पारूबाई नावाची तिशीतली बाई कमरेपर्यंत गाडली गेली. सोबतच्या बायकांनी हातांनी माती उकरून तिला बाहेर काढलं. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. ती रडत नव्हती. "माजी पाटी कुटं हाय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.

जामखेड तिथून चौदा मैल. गावातले बैल सगळे छावणीत. जीप लिंबाखाली उभी होती, पण तारीख सव्वीस होती. मैल दोन दिवसांपूर्वीच संपले होते आणि हुकमाशिवाय गाडी हलवू नये, असा लेखी आदेश माझ्या खिशात होता. हुकूम देणारे साहेब नगरला. मी तसाच खिशावर हात ठेवून उभा राहिलो. साळव्यांनी मागची जागा मोकळी करून गोणपाट अंथरलंसुद्धा.

"साळवे, आदेश आहे..." मी म्हणालो.

"तुमी तिच्या डोक्यापाशी बसा. मैलाचं मी बगतो."

पाच-सहा मैल गाडी बरी चालली. मग इंजिनातून ठोके येऊ लागले. साळव्यांनी गाडी थांबवली, निवू दिली, प्यायच्या कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, पुन्हा निघाले. पुढच्या चढावर एक कर्कश आवाज झाला आणि गाडी जागीच बसली. त्यांनी उतरून पुढून इंजिन फिरवायचं हँडल लावलं. ते फिरेचना. दोन्ही हातांनी जोर लावला, पाय रोवून लावला. मग हँडल काढून खाली ठेवलं.

"इंजान जाम झालं," ते म्हणाले, आणि थोडा वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

दोन तास त्या रस्त्याने काही आलं नाही. झाड नव्हतं, जीपचा कापडी टप फाटलेला. साळवे सदरा काढून तिच्या तोंडावर सावली धरून उभे होते. त्यांचे हात खाली येऊ लागले तेव्हा पारूबाईच म्हणाली, "मामा, दमला आसाल, बसा की जरा." ते बसले नाहीत. शेवटी कडब्याचा एक ट्रक आला. जामखेडच्या डॉक्टरांनी 'कधी लागलं?' एवढंच विचारलं आणि घड्याळाकडे पाहिलं. त्याच दिवशी तिचा पाय कापावा लागला.

आठवड्याने चौकशी झाली. टेबलापलीकडे साहेब आणि जीपमालकाचा माणूस.

"सर्व्हिसिंग का चुकवलं?" मालकाच्या माणसाने विचारलं.

"मी चारदा बोललो हुतो," साळवे म्हणाले.

"लेखी दिलं होतं?"

साळव्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. मी म्हणालो, "माझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी. मीही साहेबांना..."

साहेबांनी लॉगबुक माझ्यापुढे सरकवलं. "गाडी सुस्थितीत असल्याचं रोज तुम्हीच लिहून दिलंय. मग आता काय म्हणायचंय?"

माझी नोकरी हंगामी होती. मी लॉगबुकातल्या माझ्याच सह्या पाहत राहिलो. साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, हे आजही माझ्याने सहन होत नाही.

"त्यांना कशाला इचारता?" ते म्हणाले. "चाक माज्या हातात हुतं."

त्यांना काढून टाकलं. दुसरी जीप आली, दुसरा ड्रायव्हर आला, अटी त्याच राहिल्या.

चार वर्षांनी कामानिमित्त श्रीरामपूरला गेलो, तेव्हा शोधत बेलापूरला पोचलो. साळवे ओसरीवर बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्या चौकशीनंतर कोणी गाडी हातात दिली नव्हती. मला आवाजावरून ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत आलो होतो. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "पारूबाई कशी हाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्या दवाखान्यातून बाहेर पडलो त्यानंतर मी तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो.

"मी दोनदा गेल्तो यष्टीनं," साळवे म्हणाले. "पयल्यांदा भेटली. दुसऱ्यांदा घराला कुलूप हुतं. शेजारचे म्हनले, कुटं गेली ठाऊक न्हाई. मला वाटलं, तुमी तिथलेच, तुमाला ठाऊक आसंल."