माठातलं पाणी

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी फार हुशार होते. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्या हुशारीनंच घातला. जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हा धडा मी पोपटासारखा म्हणून दाखवला होता आणि सिस्टरांकडून मरियामातेचं चित्र बक्षीस मिळवलं होतं. बाबा कामगार क्वार्टर्सभर सांगत फिरायचे, "आमची पोरगी म्हणजे अर्धा फादर!"

मी बारा वर्षांची होते. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. भर दुपार, बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीत ड्यूटीवर. आमच्या लाइनीतली निम्मी बाळंतपणं जिच्या हातून झाली, ती समोरची मावशी गरम पाण्याचं पातेलं घेऊन धावत आली. डॉक्टरीणबाईंना आणायला तिनं नवऱ्याला पिटाळलं. त्या पोहोचायच्या आत बाळ आलं. मुलगा होता. रडला नाही. इकडे आईचं रक्त थांबेना. मावशीनं बाळाला बाबांच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं.

"धर गं ह्याला. मला हिच्याकडं बघू दे."

मी धरलं. एवढंच केलं. उठायचं, तांब्याभर पाणी घ्यायचं, ते कपाळावर ओतून पाठ असलेलं एक वाक्य म्हणायचं, इतकंच काम होतं. पण मी उठले नाही.

डॉक्टरीणबाईंनी आईला वाचवलं. बाळ गेलेलंच होतं. बाबा आले, सगळं ऐकलं, आणि माझ्यासमोर उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "पाणी घातलंस ना?"

त्यांना सिमिट्रीतल्या जागेची, दफन कुठे होणार याची काळजी होती. बाप्तिस्मा झालेलं मूल ओळीत, क्रुसाखाली जायचं. न झालेलं मागच्या भिंतीकडे, ना नाव ना खूण. फादरांना विचारलं असतं तर कदाचित त्यांनी हे खोडूनही काढलं असतं, पण नगरकडून आलेले आमचे लोक तसंच मानायचे आणि विचारायला कोणी गेलं नाही.

"घातलं," मी म्हणाले.

"कुठलं?"

"माठातलं."

"आणि नाव?"

"आजोबांचं."

बाबांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि ते हमसून हमसून रडले. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

बाळ ओळीत गेलं. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आई तिथे मेणबत्ती लावायची आणि काडी मी ओढायची. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून तिनं झबल्यांसाठी आणलेलं पांढरं कापड पेटीत तसंच राहिलं. क्रुसावरचं नाव तिच्या तोंडून ऐकलं की मला स्वतःचा राग यायचा, मग त्या मेल्या भिंतीचा, आणि फिरून पुन्हा स्वतःचा. पापनिवेदनात मी हे दोनदा सांगितलं, क्षमाही मिळाली. जिला सांगायला हवं होतं तिला मात्र सांगितलं नाही.

नव्वदीत, बाबा गेल्यानंतरच्या एका मार्चमध्ये, देवदूतानं मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला त्या सणाला आमच्या चर्चमध्ये न जन्मलेल्या बाळांसाठी प्रार्थनेचा दिवस ठेवला होता. वेदीसमोर रिकामा पाळणा मांडला होता. ज्यांचं मूल पोटात किंवा जन्मताना गेलं, त्यांनी त्यात फूल ठेवायचं. घरून निघताना आई म्हणाली, "आपण दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची. आपल्या बाळाचा बाप्तिस्मा झालाय." तरीही कुंडीतलं मोगऱ्याचं एक फूल तिनं रुमालात घेतलेलं मी पाहिलं.

मिस्सेची उपासना संपली. बायका एकेक करून उठू लागल्या. ज्यांच्याबद्दल कधी काही कानावर आलं नव्हतं अशाही उठल्या. एक म्हातारी काठी टेकत गेली, पाळण्यावर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. आई बाकावर रुमाल धरून बसली होती. मला राहवेना. मी तिच्या कानाशी म्हणाले, "आई, मी पाणी घातलं नव्हतं."

तिनं मान वळवली नाही.

"ठाऊक हाय मला. माठ गळत व्हता. सकाळीच मी त्यो मोरीत पालथा घातला व्हता."

इतकी वर्षं! मी विचारलं, "मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"एक लेकरू गेलं व्हतं. दुसरीला खोटी पाडून काय मिळालं असतं? त्यांनाबी तेवढाच आधार झाला."

रुमालाची घडी ती बोटांनी सारखी करत राहिली. मग तिनं ते विचारलं. आजवर तिला ते विचारता आलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

"आता खरं सांग. तुझ्या मांडीवर व्हता तवा त्याच्यात जीव व्हता का?"

मेलेल्याला बाप्तिस्मा देतच नाहीत; नाही म्हणाले असते तर आम्ही दोघीही सुटलो असतो. ते शब्द माझ्या जिभेवर आलेही होते.

"माहीत नाही, आई. टॉवेल बाजूला करून मी बघितलंच नाही. मला भीती वाटली."

आईनं पदर डोक्यावर घेतला. बाकावरून उठताना तिनं आधाराला माझ्या मांडीवर हात टेकला, आणि फूल घेऊन ती रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्याबरोबर जायला हवं होतं. मी याही वेळी उठले नाही.