समोर बसून मणी ओवणारी

गिरणी बंद पडली, बाबा घरी बसले आणि आमच्या दहिसरच्या खोलीत रोजची भांडणं सुरू झाली. मी बी.ए.ला एकदा नापास झालेच होते. पुन्हा झाले असते तर घरचे लग्न लावून मोकळे होणार होते. म्हणून मी देवळाच्या मंडपात अभ्यासाला बसायचे.

समोर एक बाई माळा ओवायची. पाठ ताठ, नजर मण्यांवर, तासन्‌तास. बघून थक्क व्हायचे मी. पण माझं लक्ष उडालं, की तिची सुई हवेतच थांबायची.

"मावशी, तुम्ही ओवा ना! माझ्यापायी काम अडतंय तुमचं."

"मग वाच की गं! एकटीनं माझ्याच्यानंही होत नाही."

मी पुस्तकात मान घालायचे, सुई पुन्हा चालायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.