मोळीला बांधलेला धागा

ती घटना आठवली की आजही मी मनातल्या मनात एका व्यापाऱ्याला सलाम ठोकतो. पोलिसाने असं लिहू नये, पण लिहितो.

नव्वदच्या आसपास मी भिवंडीत उपनिरीक्षक होतो. एका कारखानदाराची तक्रार आली. त्याचं नवीन कापड बाजारात जाण्याआधीच त्याच रंगांचं, त्याच सुताचं कापड शेजारच्या गल्लीतला व्यापारी काढायचा. कारखानदाराचा संशय आपल्या कारकुनावर. टेमघरच्या एका मास्तरांचा हा मुलगा; नमुन्यांचं कपाट त्याच्याच ताब्यात. "घरभेदी आहे साहेब, आत घ्या याला," मालक म्हणाला.

गुन्हा दाखल करण्यासारखं हाती काहीच नव्हतं. स्टेशन डायरीत नोंद करून मी पोराला बोलावलं आणि उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला, "मी कोणाला काही बोललो नाही. नोकरी गेली तर जाऊ दे साहेब, पण चोर म्हणून वडिलांसमोर कसा उभा राहू?" खोटं बोलणारा तपशील वाढवत जातो. याच्याकडे वाढवायला काही नव्हतं.

व्यापाऱ्यावर नजर ठेवणारा आमचा हवालदार मग एक दिवस म्हणाला, "साहेब, त्याच्या घरात गॅस हाय, तरी रोज मोळी घेतो."

मोळी विकणारी दिघाशीकडची बाई मी गाठली. ती म्हणाली, "लाकडं तो बघत न्हाय. दोर बघतो नि घेतो. कारखान्यामागं धागं टाकतात, त्याचाच दोर वळतो आमी."

नमुन्याचा बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, संपला की उरलेल्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, तुकडे कारखान्यात फेकून देत, तेच हे धागे. मालकाला आणि कारकुनाला घेऊन मी व्यापाऱ्याकडे गेलो. तो जराही बिचकला नाही. दोर उकलून त्याने एकेक धागा टेबलावर मांडला, भिंगाखाली धरला आणि सूत कोणतं, रंग कोणता, कापड कुठल्या हंगामाचं, सगळं घडाघडा सांगितलं. "कौनसी दफा लगाओगे साहेब? लकडी पैसे देके ली है."

मी थक्क झालो. दुसऱ्याच्या कचऱ्यातून त्याचा पुढचा बेत ओळखणाऱ्या माणसाला कुठलं कलम लावणार?

कारकुनाकडे बोट दाखवून मी विचारलं, "आणि हा?"

व्यापारी हसला. "इसको दो बार पूछा था. डबल पगार देतो, बोललो. मुंह नहीं खोला. खोलता तो मैं लकडी क्यों खरीदता?"

मालक खाली बघत राहिला. कारकून तिथेच रडला. मी त्याला रडू दिलं.

पुढे नोकरीभर कोणाच्या सचोटीची चौकशी करायची झाली, की त्याच्या मित्रांना मी शेवटी विचारायचो. ज्याने त्याला फोडायचा प्रयत्न केला आणि ज्याला जमलं नाही, तो माणूस आधी शोधायचो.