खंडेनवमीचे काळे टायर

गाडी धुवायला दिली होती. टायर पॉलिशचा वास आला आणि पंचवीसेक वर्षांपूर्वीची गडमुडशिंगीतली खंडेनवमी आठवली.

दादा प्रवासी ने-आण करणारी आपली वडापची जीप पूजेसाठी सजवत होता. वहिनी पुढच्या टायरवरच्या चिरा दाखवत म्हणाली, “अहो, आधी ह्यो बदला की.”

दादाने टायरला काळंभोर पॉलिश चोळलं. “आता दाव बघू, कुठं हाईत चिरा?”

वहिनीने वाकून पाहिलं. एकही दिसेना. ती हसली आणि त्याच टायरला तिने हळदकुंकू लावलं.

दिवाळीआधी शिरोळच्या रस्त्यावर तो टायर फुटला. जीप उलटली, दादा गेला.

“टायरना पॉलिश मारू का?” गाडी धुणाऱ्याने विचारलं.

मी काही बोलण्याआधीच शेजारी उभी असलेली वहिनी म्हणाली, “नको पावणं. हाय तसं दिसू दे.”