सासूच्या जागी सून
बराखीत भरलेल्या कांद्याचा उग्र वास आला, की मला निमगाव साव्यातली ती ओसरी आठवते आणि एका जागी बसवत नाही. रक्तदाबाच्या नव्या गोळीचा अभ्यास चालू होता, आणि घरोघर जाऊन दाब मोजून लिहायचं काम माझं होतं. त्या दिवशी गोळी चालू असलेल्या म्हातारीऐवजी तिची सूनच बाही वर करून समोर बसली. "आत्या कांदं काढाया गेल्यात, त्यांच्या जागी माझं घ्या." मी हसलो, तर तिलाच नवल वाटलं. "आवं, दुसऱ्याच्या रानात कामाची फेड कराया, सावडीला, सासू न्हाई गेली तर सून जातीच की. घर तर एकच हाय न्हवं?" अजून आठ घरं व्हायची होती. मी पट्टा तिच्या दंडाला बांधला आणि आलेला आकडा म्हातारीच्या नावापुढे लिहिला. गेल्या खेपेला एकशे ऐंशी असलेली म्हातारी कागदावर एकशे वीस झाली. पुढे न राहवून अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एका आकड्यानं काय बिघडतंय राव?" अभ्यासाचा पेपर छापून आला, त्यात शेवटी माझंही नाव होतं. आणखी किती घरांनी अशी सावड केली, हे मी कधी विचारलंच नाही. परवा आईला तीच गोळी लिहून देताना आमचे डॉक्टर म्हणाले, "बिनधास्त घ्या, हिचा अभ्यास आपल्याच भागात झालाय." मी औषधाच्या दुकानातून पाकीट आणलं. "लई गुणाची हाय म्हणं," आई म्हणाली, "तुला ठावं असंल की."