दोन बोटांची जागा

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक मला प्राणिप्रेमी समजतात आणि आपल्या गल्लीतली पिल्लं माझ्या गळ्यात घालायला बघतात.

इकडे कन्नड मुलखात, विजयनगरच्या घरात आम्ही दोघंच, अप्पा आणि मी. मी येलवालच्या एका शाळेत शिकवते. सकाळी बसने जाते, ऊन कलल्यावर परत येते. लग्न केलं नाही, आणि त्यामागे काही गोष्टही नाही. अप्पा शिंपी. त्यांचं दुकान लष्कर मोहल्ल्यात होतं आणि दुकानाच्या वर आम्ही राहायचो. ती इमारत मालकाने पाडायला काढली तेव्हा अप्पा शिलाई मशीन, मोठी कात्री आणि कापडाच्या तुकड्यांची चार बोचकी घेऊन माझ्याकडे आले. मशीन हॉलमध्ये राहिलं. बोचकी मी जिन्याखाली कोंबली. फेकून द्या म्हटलं तर ते जेवायचे थांबले असते.

इथे आल्यापासून त्यांच्या हातून काही ना काही चुकत होतं. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. पायरी असेल तिथे पाऊल चाचपडायचं. शेजारणीच्या ब्लाउजला त्यांनी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं. "सुम्ने बस ग तू, गप. लाइट कमी हाय." मग मी बल्ब बदलायची. होता होता आमचा हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा लखलखायला लागला, तरी लाइट कमीच. डोळे दाखवू या म्हटलं की ते मशीनवर बसून नुसतंच पायडल मारायचे.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. तो व्हिडिओ कॉलवर हे सगळं हेरायचा. "अक्का, तू दिवसभर शाळेत. घरात गॅस आहे, जिना आहे. त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. दसऱ्याला येतो आणि घेऊन जातो." त्याचं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. अप्पा एकदा त्याच्याकडे राहून आले होते. अकराव्या मजल्यावर. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तिथं मराठी बोललं की पोरं हसत्यात आणि कन्नड बोललं की वॉचमन तोंड बघत बसतो. गप्प बसून बसून जीभ जड झाली माझी." त्यांना पुन्हा तिथे पाठवायला माझं मन घेत नव्हतं. आणि त्यांच्याशिवायच्या या घराचा विचार तर मी करतच नव्हते.

अशात आमच्या गल्लीतली तांबडी कुत्री जिन्याखाली व्याली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तिने नेमकं अप्पांचं एक बोचकं फाडलं आणि रेशमी, सुती, टेरिकॉट अशा तुकड्यांवर चार पिल्लं घातली. मी काठी घेऊन गेले होते. अप्पा खाली बसून तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होते. आमच्या घरात देवाशी आणि माणसांशी मराठी, गिऱ्हाइकांशी आणि जनावरांशी कन्नड. काठी मी परत कोपऱ्यात ठेवली.

पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते तेव्हा तांबडी हुणसूर रस्त्यावर गाडीखाली गेली. शेजारणीने येऊन सांगितलं. मी शाळेतून आले तर अप्पा टोपलीत पिल्लं घेऊन बसले होते. वरून माझी जुनी शाल घातलेली, बाजूला गरम पाण्याची बाटली. त्यांचा चेहरा मात्र कितीतरी महिन्यांनी जागा झालेला दिसला. "ही मी वाढवणार," ते म्हणाले. "तुझ्या भावाला सांग, म्हाताऱ्याला काम हाय."

मी भावाला तसंच सांगितलं. वर माझं एक वाक्यही जोडलं, की चार पिल्लं जगवली तर माणूस दिवसभर एकटा राहू शकतो हे तू मान्य करशील ना? तो हसला. "दसऱ्याला येऊन बघतो," म्हणाला. पिल्लांच्या दुधाची पावडर दुकानातून आणावी लागते हे कळल्यावर तो आणखी हसला आणि म्हणाला, "म्हणजे आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय." फोन स्पीकरवर होता. अप्पा बाटलीचं बूच लावत होते. त्यांचा हात थांबला आणि मग बूच पुन्हा फिरू लागलं.

खरं सांगते, त्यांनी फार छान केलं. तान्ह्या पिल्लाला शी-शूदेखील स्वतःहून होत नाही, आईने चाटावं लागतं. अप्पा मलमलीचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून हलक्या हाताने पुसायचे. कॉलर उलटताना जेवढा जोर लावायचा, तेवढाच. माझ्याच्याने ते झालं नसतं. मी नाकाला पदर लावून पावडर कालवायची आणि कुरकुर करायची, तेवढा माझा वाटा.

चारही पिल्लं तांबडी, आईसारखी. कोण प्यालं, कोण उपाशी, काही कळेना. तेव्हा अप्पांनी दुकानातली रीत काढली. तिथे गिऱ्हाइकाचं कापड आलं की त्याच्या काठाला खुणेचा दोरा बांधायचा, म्हणजे एकाची पँट दुसऱ्याला जात नाही. काजाचा जाड दोरा, मेण लावलेला, ओढला तरी न तुटणारा. तोच त्यांनी पिल्लांच्या गळ्यात बांधला, ढिला ढिला. एकाच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, मग तीन, चार. मी म्हटलं, एवढे रंगीबेरंगी दोरे पडलेत, लाल-निळे बांधा, गाठी कशाला? म्हणाले, "रंग उडतो ग. गाठ नाही उडत." मला ते पटलं. दुकानदाराला धंद्यातलं शिकवायला कोण जाणार.

पिल्लांचे डोळे उघडले. ती धडपडत मशीनखाली फिरायला लागली, पायडलवर झोपायला लागली. अप्पा आठवड्याला दोरे सोडून पुन्हा ढिले बांधायचे. तीन गाठीवाल्याचा दोरा एकदा हाताला लागला नाही. त्यांनी गळा चाचपला, नुसते केसच केस. "पडला कुठं तरी," म्हणाले आणि सोडून दिलं. आता पिल्लं अंगावरून ओळखता येत होती, तीन गाठीवालं सगळ्यांत केसाळ आणि मऊ. नवा दोरा बांधायची गरजच उरली नाही.

दसरा महिन्यावर आला होता. भावाचं तिकीट झालं होतं, परतीचं अप्पांचंही. एक दिवस मी शाळेतून आले तर हॉलमध्ये वास येत होता, सडल्यासारखा. तीन गाठीवालं पिल्लू टोपलीत एकटंच पडलेलं. तोंड सुजून गोल झालेलं, दूध तसंच. अप्पा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "सकाळपासून पीत नाही. सर्दी झाली काय की." मी त्याच्या गळ्यावरचे केस बाजूला केले. दोरा पडलेला नव्हता. तो आत होता, मांसात. पिल्लू वाढलं होतं आणि दोरा तेवढाच राहिला होता, वरून केसांनी झाकलेला. ओली लाल रेघ गळाभर फिरली होती. कुणीही एकदा नीट बघितलं असतं तर दिसली असती.

मी ओरडले नाही. मला ओरडायचं होतं, पण अप्पांचा चेहरा वळला होता तो पिल्लाकडे नाही. त्याच्या जरा बाजूला, जिथे काहीच नव्हतं.

पिल्लू टॉवेलात गुंडाळून मी रिक्षा थांबवली. अप्पा चप्पल न घालताच मागून आले. नको म्हटलं तरी बसले. वाटेत मी मनात एकच हिशेब करत होते, की हे पिल्लू मेलं तर अप्पा पुण्याला जाणार, आणि माझ्यापाशी बोलायला तोंड उरणार नाही. मुक्या जनावराचा जीव जातोय आणि मला आपल्या घराची पडलीय, याची लाजही वाटत होती.

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने केस भादरले, बारीक कात्रीने दोरा उचलून कापला. पिल्लू किंचाळलं. अप्पांनी टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरने चिमट्यात धरलेला तो काळा पडलेला दोरा माझ्यासमोर धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, हा कोणी बांधला?

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "नाने." मीच.

"काणिस्लिल्वा?" तिने विचारलं. दिसलं नाही का? तिच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबरच होता.

"इल्लम्मा," अप्पा म्हणाले. "ननगे कण्णु काणिसल्ला."

नाही बाई. मला डोळ्यांनी दिसत नाही.

घरात देवाशी आणि माणसांशी मराठी बोलणारा माझा बाप. आमच्यापासून त्याने जे लपवलं, ते एका अनोळखी मुलीला कन्नडमध्ये सांगून मोकळा झाला. मला भयंकर वाईट वाटलं, आणि रागही आला. मी कोण होते मग इतके दिवस, बल्ब बदलणारी बाई? गाठी कशासाठी होत्या ते तेव्हा कळलं. लाल-निळं त्यांना सारखंच होतं.

डॉक्टरचा आवाज एकदम खाली आला. जखम धुऊन तिने पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, वाचेल म्हणाली. मग अप्पांचा हात धरून तिने पिल्लाच्या गळ्याशी नेला. पुढे कधी पट्टा बांधलात तर आत दोन बोटं जायला हवीत, दर आठवड्याला घालून बघायचं, असं समजावलं. अप्पांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "शर्टाचं गळ्याचं माप घेताना जन्मभर टेपच्या आत दोन बोटं घालत आलो ग मी. गिऱ्हाइकाला कधी कॉलर आवळली नाही." आणि ते रडायला लागले. मी पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं.

डोळे दाखवले. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, औषधाचे थेंब घातले तर उरलेलं टिकेल. भावाला मीच फोन करून सगळं सांगितलं, त्याची ती आंधळ्याची म्हण अप्पांनी ऐकली होती हेसुद्धा.

दसऱ्याला तो आला. पिल्लांपैकी तीन चांगल्या घरी गेली होती. चौथ्याच्या गळ्याभोवती बिनकेसाची रेघ राहिली होती, ते अप्पांच्या पायाशी होतं. भाऊ तीन दिवस नुसता बघत राहिला. अप्पा थेंबांच्या बाटल्या ओळखत होते, कारण मी सकाळच्या बाटलीला एक गाठ आणि रात्रीच्या बाटलीला दोन गाठी मारल्या होत्या. गॅसऐवजी विजेची किटली आणली होती. दुपारी शेजारीण डोकावणार होती. निघायच्या दिवशी त्याने अप्पांचं तिकीट माझ्यासमोर मोबाइलवर रद्द केलं. "सध्या," म्हणाला. "सध्या राहू देत."

मग त्याने पिशवीतून एक कार्ड काढलं. त्यावर आम्हा दोघांचे फोन नंबर, घराचा पत्ता, खाली घराची किल्ली. नायलॉनच्या दोरीत ओवलेलं. तो अप्पांच्या मागे उभा राहिला आणि ती दोरी त्याने त्यांच्या गळ्यात बांधली. वाकल्यावर निसटू नये म्हणून आखूड आणि चांगली दोन-तीन गाठी मारून. "हे काढायचं नाही, अप्पा. आंघोळीलासुद्धा नाही."

अप्पांनी मान हलवली. मग सावकाश उजवा हात वर नेला आणि दोरीच्या आत दोन बोटं घालायला बघितलं. एकच गेलं. दुसरं त्यांनी थोडा वेळ तसंच दोरीवर ठेवलं.

मग मी उभी होते त्या बाजूला वळून म्हणाले, "हे सोड, आणि तू बांध."

मी गाठी सोडायला घेतल्या. भावाने फार घट्ट मारल्या होत्या, नखं लागत नव्हती. अप्पा मान खाली घालून थांबून राहिले, माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे.